घाटावर राहून गुराबेवरचा कप्तान कसा लिहावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात हायस्कूलला इतिहास शिकवता. कान्होजी आंग्र्यांच्या काळावर कादंबरी लिहायला घेतली आहे आणि नायक त्यांच्या आरमारातला एक कप्तान आहे. समुद्र पाहिलाय तो गोव्याच्या सहलीत, तोही वाळूवर उभं राहून. इंग्रजी सागरी कादंबऱ्या मात्र पुष्कळ वाचल्यात. तरी लिहिलेली पानं तुमची तुम्हालाच नकली वाटतात, म्हणून जहाजावरच्या शब्दांची एखादी यादी मिळेल का, असं विचारलंय.

यादी काय, देता येईल. पण नमुना म्हणून जोडलेलं तुमचं वाक्य वाचलं आणि दुखणं वेगळंच आहे असं वाटलं. वाक्य असं: ‘सहा महिने जमीन न पाहिलेला कप्तान आपल्या केबिनमध्ये एकटाच नकाशावर वाकला होता.’ वाक्य छान आहे. फक्त आंग्र्यांच्या आरमारात असा माणूस सापडायचा नाही. तो इंग्रजांच्या जहाजावरून उतरून तुमच्या गुराबेवर, म्हणजे आंग्र्यांच्या लढाऊ जहाजावर, चढलाय.

माझी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली, थर्ड ऑफिसरपासून कप्तानापर्यंत. आता बेळगावात, टिळकवाडीत असतो. युद्धनौकेवर मी कधी काम केलेलं नाही आणि इतिहास वाचतो तो नाद म्हणून. तेव्हा वारा, पाणी, खलाशी आणि कप्तानाच्या डोक्यात काय चालतं याबद्दल माझा शब्द धरा. दरबार, वतनं, सनदा यात तुमचाच हात वर.

इंग्रजी कादंबरीतला कप्तान तसा का झाला, हे आधी बघू. या परंपरेच्या मुळाशी खरी माणसं आहेत. लॉर्ड कॉक्रेन हा त्यांतला मोठा. 1801 च्या मे महिन्यात त्यानं ‘स्पीडी’ या 14 तोफांच्या चिमुकल्या जहाजानं ‘एल गामो’ हे 32 तोफांचं स्पॅनिश जहाज काबीज केलं. पुढे त्याच्या हाताखाली फ्रेडरिक मॅरियट नावाचा पोरगा शिकाऊ अधिकारी म्हणून आला आणि मोठेपणी कादंबरीकार झाला. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला कप्तानच कागदावर उतरला. नंतरच्या पुष्कळ लेखकांनी कॉक्रेनलाच वेगवेगळे कपडे घातले.

पण त्या कप्तानाचा स्वभाव घडला कशातून? महिनोन् महिने खुल्या समुद्रात राहण्यातून. वरिष्ठ हजारो मैलांवर, हुकूम यायला महिने लागणार. खलाश्यांतले कित्येक बंदरातून जबरदस्तीनं धरून आणलेले, त्यामुळे बंडाची भीती कायम. ताजी भाजी नाही, म्हणून हिरड्या सडवणारा स्कर्व्ही. जेम्स लिंडनं 1747 साली जहाजावरच 12 आजारी खलाश्यांवर प्रयोग करून संत्री-लिंबं लागू पडतात हे दाखवलं, तरी इंग्रज आरमारात लिंबाचा रस सरसकट द्यायला 1795 उजाडलं. अशा जहाजावर कप्तान एकटाच असणार. तो कोणाशी मोकळेपणानं बोलू शकत नाही, केबिनचं दार लावून घेतो. ते एकटेपण त्या समुद्रातून आलेलं आहे.

आता आपल्याकडे या. मराठ्यांचं आरमार किनाऱ्याला धरून चालणारं. गुराब बाहेर पडली की बहुतेक वेळा डावीकडे किंवा उजवीकडे सह्याद्री दिसतोच. रात्र पडली, वारा उलटला, की खाडीत शिरायचं किंवा किल्ल्याच्या तोफांखाली नांगर टाकायचा. मोहीम दिवसांत मोजायची. पावसाळ्यात तर समुद्र बंदच. जहाजं खाडीत किंवा गोदीत आणि माणसं घरी, भातलावणीला. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा कामाला लागायचं. खलाशी भंडारी, कोळी, किनाऱ्यावरचे मुसलमान. पुष्कळदा एकाच गावचे, एकमेकांच्या सोयरिकीतले. अशा जहाजावर स्कर्व्ही कसला? आणि एकटेपण तरी कसलं? तुमच्या कप्तानाची अडचण नेमकी उलटी असणार. ज्याला त्यानं मरणाच्या तोंडी पाठवलं, त्याची आई त्याला पुढच्या शिमग्याला पालखीपुढे भेटणार आहे. ही गोष्ट इंग्रजी कादंबरीत नाही, तुमच्याकडे आहे. ती सोडू नका.

‘कोणत्या कप्तानाबद्दल’ यावरही बरंच अवलंबून आहे. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. तेव्हाचा माणूस ताठ मानेचा असणार. 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आले, तेही पेशव्यांशी संगनमत करून. एक पेटता गोळा बंदरातल्या एका जहाजावर पडला आणि जवळजवळ बांधलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या आगीत गेलं. त्या वेळच्या माणसाला शत्रू कोण, हाच प्रश्न पडलेला असणार. तुम्ही साल सांगितलेलं नाही. कान्होजी 1729 ला गेले, तेव्हा त्याआधीचं काही धरतोय.

जहाजही ठरवा. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, पुढे निमुळतं होत गेलेलं जहाज. मोठ्या तोफा नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, समोर मारा करतील अशा. गलबत हलकं, वल्ह्यांचं. मोठ्या गलबताला 40-50 वल्ही. वारा पडला की गलबतं दोर लावून गुराबेला ओढत नेत. इंग्रजांचं मोठं जहाज अशा वेळी शिडं लोंबकळत जागच्या जागी डुलत बसे. त्याच्या तोफा दोन्ही कुशींना, पिछाडीला फारशा नाहीत. आपल्या गुराबा मागून येऊन नाळेच्या तोफांनी डोलकाठ्या आणि दोरखंड तोडत, मग गलबतांतली माणसं चढत. म्हणजे आंग्र्यांच्या कप्तानाला हवा असतो पडलेला वारा. तुमच्या चौथ्या प्रकरणात तो ‘वादळी वाऱ्यावर झेपावतो’. तसल्या वाऱ्यात तो शहाणा असेल तर विजयदुर्गाच्या आत बसून गोऱ्यांना लाटा खाऊ देईल.

यात भित्रेपणा नाही, ही त्या काळची रीतच होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमारावर वेगळं प्रकरण आहे. ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण पुढचं कोणी वाचत नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा एक सुभा करावा, वारा आणि प्रसंग विरुद्ध गेला तर हट्ट न धरता आपल्या जंजिऱ्याच्या, म्हणजे जलदुर्गाच्या, आश्रयाला यावं, जहाजासाठी आंबा-फणसासारखी रयतेची झाडं तोडू नयेत, असं तपशिलात सांगितलंय. खांदेरीला 1679 मध्ये हेच दिसलं. इंग्रजांची जहाजं बेटाला वेढा घालून उभी होती आणि आपली हलकी होडकी रात्री नागावच्या खाडीतून वल्हवत रसद पोचवत होती. वारा नसला की इंग्रज बघत बसत. शेवटी वेढा उठवून त्यांना तह करावा लागला. त्या होडक्यांतल्या एखाद्या तांडेलावर कुणी कादंबरी लिहिली तर मी रांगेत उभं राहून घेईन.

आता वाऱ्या-पाण्याचं घड्याळ. तुमच्या पानांत हेच नाही, आणि माझ्या मते नकलीपणा इथूनच येतो. भूगोलात मतलई आणि खारे वारे मुलांना शिकवता की नाही? तेच. डिसेंबर ते मार्चमध्ये रात्री उशिरापासून सकाळपर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे, दुपारपासून समुद्रावरून जमिनीकडे. शिडाचं जहाज पहाटे निघतं आणि दुपारनंतर परततं, ते याच्यामुळे. त्यात भरती-ओहोटी मिसळा. कोकणात जुनी माणसं तिथीला पाऊणनं गुणतात आणि भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पहाटे एकदा, दुपारी-संध्याकाळी एकदा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. हिशोब मुंबईकडचा आहे, दक्षिणेकडे थोडं मागेपुढे होतं, पण कादंबरीला पुरे.

आता हे वापरून बघा. माघातली वद्य चतुर्थी घ्या. पहाटे तीनला भरती भरली. त्यानंतर पाणी खाडीतून बाहेर ओढू लागणार, आणि मतलई वाराही बाहेरच ढकलतोय. तुमचा कप्तान अडीचला माणसं उठवेल, आवाज न करता नांगर उचलेल आणि एकही तोंड उघडायच्या आत गुराब समुद्रात असेल. दुपारी खारा वारा सुटला आहे, साडेतीनपर्यंत पाणी आत भरतंय. परत यायलाही दोन्ही त्याच्या बाजूनं. दशमी घेतलीत तर चित्र बिघडतं. पहाटे वारा बाहेर नेतोय आणि भरती आत ढकलतेय. आता त्याला ठरवायचं आहे: गलबतांनी ओढत बाहेर काढून वल्हेकऱ्यांचा दम आधीच संपवायचा, की साडेसातला पाणी फिरेपर्यंत थांबायचं आणि दिवसाउजेडी शत्रूच्या नजरेस पडायचं? इथे कप्तान दिसतो. तलवार उपसताना कोणीही शूर दिसतो हो.

पंचांग तुमच्या घरात असणारच. प्रत्येक प्रसंगाला तिथी टाका, मग चंद्र कधी उगवेल तेही आपोआप कळेल. वद्य चतुर्थीला अर्ध्याहून मोठा चंद्र पहाटे डोक्यावर असणार, म्हणजे ‘गडद अंधारात निसटले’ लिहिता येणार नाही. अंधार हवा असेल तर अमावास्येकडे सरका आणि भरतीची वेळ पुन्हा काढा. एक गोष्ट हलवली की दुसरी हलते. समुद्रावरचं आयुष्य असंच असतं.

दुसरं, तुमची लढाई फार लवकर होते. शीड दिसलं आणि पुढच्या परिच्छेदात तोफा. 16 मीटर उंच डोलकाठीवर बसलेल्या माणसाचं क्षितिज साधारण 15 किलोमीटरवर. समोरच्या जहाजाची शिडंही तेवढीच उंच असतील, तर त्यांचं टोक हवा स्वच्छ असताना 30 किलोमीटरवरून दिसू शकतं. मंद वाऱ्यावर जहाज तासाला सात-आठ किलोमीटर चालतं, आणि समोरचा पळत असेल तर अंतर तुटायला दिवस जातो. सकाळी दिसलेलं शीड दुपारी तोफेच्या टप्प्यात. मधले सहा तास माणसं काय करतात? कांदा-भाकरी खातात. गोलंदाज दारू कोरडी आहे का बघतो. कोणी झोपतो, खरंच झोपतो. ते शीड कोणाचं, दस्तक असलेलं की नसलेलं, यावर पैजा लागतात. दस्तकाचा मुद्दा तर तुमच्या कथेत हवाच. आंग्रे आपला परवाना घेतलेल्या गलबतांना सोडत आणि न घेतलेली धरत. पोर्तुगीज त्याआधीपासून तेच करत होते, पण इंग्रजांच्या कागदांत चाचे ठरले फक्त कान्होजी. जहाज अडवल्यावर कागद तपासणारा कारकून तुमच्या गुराबेवर आणा. त्याला समुद्र लागतो असं दाखवा, हवं तर.

कप्तान दिवसभर करतो काय, हे आता माझ्या नोकरीतून. तो सुकाणू धरत नाही. त्याला सुकाणी असतो. तो दोर ओढत नाही. तो बहुतेक वेळ काही करताना दिसतच नाही, आणि नवीन पोरांना वाटतं म्हातारा फुकटचा पगार घेतो. त्याचं काम म्हणजे काय चाललंय ते ऐकत राहणं. इंजिनाचा आवाज किंचित बदलला की गाढ झोपेतला कप्तान उठून बसतो. शिडाच्या जहाजावर दोराच्या कुरकुरीनं उठत असेल. रात्री झोपण्याआधी आम्ही हुकमांच्या वहीत लिहितो: अमुक दिवा अमुक दिशेला आला की मला उठवा, शंका आली तरी उठवा. आणि उठवल्यावर रागवायचं नाही, हा अलिखित नियम. ज्या कप्तानाला उठवायला पोरं घाबरतात, त्याचं जहाज एक दिवस खडकावर जातं. तुमच्या नायकाला खलाशी उठवायला येतो तेव्हा तो कसा उठतो, एवढं लिहिलंत तरी माणूस समजेल.

रात्रीची एक गोष्ट शहरातल्या माणसाला माहीत नसते. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, अंधार ठेवतात, कारण उजेडातून आलेल्या डोळ्यांना बाहेरचं काही दिसत नाही. पहाऱ्यावर येणारा अधिकारी दहा-पंधरा मिनिटं आधी येऊन नुसता उभा राहतो. डोळे तयार झाले की मगच पहारा हातात घेतो. त्या काळोखात दोन माणसं एकमेकांचा चेहरा न बघता बोलतात, आणि जमिनीवर कधी बोलली नसती अशा गोष्टी बोलतात: घरचं कर्ज, बायकोचं पत्र, बापाशी तुटलेलं बोलणं. गुराबेवर पहाऱ्याला पणतीसुद्धा लावत नसणार. तुमचे संवाद तिथे घडवा.

कप्तानाच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस सारंग, खलाश्यांचा मुकादम. आमच्या पिढीपर्यंत मालवाहू जहाजांवर सारंग, तांडेल, कसाब, सुकाणी, स्वयंपाकाला भंडारी हीच नावं चालत आली. अधिकारी बदलतात, सारंग खलाश्यांना धरून असतो. कप्तानाचा हुकूम खाली पोचतो तो सारंगाच्या तोंडून, आणि खालची कुरबूर वर येते तीही त्याच्याच चेहऱ्यावरून. तुमच्या पानांत नायक थेट खलाश्यांना भाषण देतो. चांगला कप्तान दोन शब्द सारंगाला सांगून गप्प बसतो.

बेळगावकरांची एक खास अडचण. इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, घरटी एक माणूस पलटणीत. ‘कप्तान म्हंजे मेजरच्या खालचाच न्हवं?’ असं मला अजून विचारतात. पायदळातला कॅप्टन तरुण पोरगा असतो. नौदलातला कॅप्टन हा पायदळातल्या कर्नलच्या बरोबरीचा. शिवाय लहान युद्धनौकेवर हुद्दा काहीही असो, जो प्रमुख तो जहाजाचा कॅप्टनच. तुमच्या नायकाला लोक काय म्हणत असतील? जहाजावर ‘कप्तान’ म्हणत नसावेत. नाव घेऊन पुढे ‘राव’ किंवा ‘नाईक’ लावलंत तर कानाला खरं वाटेल.

कप्तानानं जहाजाबरोबर बुडायचं असतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तसा कायदा कुठेच नाही. सगळी माणसं उतरेपर्यंत त्याची जबाबदारी संपत नाही, एवढं खरं. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला माणसांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः जहाज सोडलं नाही. अशा प्रसंगाला भाषणं लागत नाहीत. आंग्र्यांच्या काळी मात्र जहाज जळालं तर पोहून किनारा गाठायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गलबतावर चढायचं, हेच शहाणपण. किनारा दिसत असतोच. शेवटच्या प्रकरणातला जलसमाधीचा बेत म्हणून फेरविचाराला ठेवा.

घाटावरची असल्यानं लिहू शकणार नाही, हे मनातून काढा. समुद्रावरच्या कादंबऱ्या लिहिणारा जोसेफ कॉनरॅडही समुद्रापासून दूर जन्मला होता. हां, तो नंतर जहाजावर गेला आणि 1886 मध्ये मास्टरची परीक्षा पास झाला, ते तुम्हाला जमायचं नाही. पण तुमच्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगवते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते, तर कणकुंबीची मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. जंगलही तुमचं घरचं. सागाची फळी ओली आणि वाळलेली कशी वेगळी वाजते, हे तुमच्या गावातल्या सुताराला विचारा. गुराब आधी लाकूड होती. सांध्यात काथ्या, राळ. बुडाला चुना आणि माशाचं तेल, त्याचा वास कपड्यांतून जात नाही. नायकाला घाटावरचा लाकूडतोड्या-सुतार म्हणून खाली आणलंत तर तुमचं अज्ञान त्याचं होईल आणि दोघं बरोबर शिकाल.

दोन फेऱ्या मात्र करा. एक आंबोली उतरून मालवण आणि विजयदुर्ग. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात आंग्र्यांची खडकात खोदलेली गोदी आहे, तिथे ओहोटीला जा आणि भरती येईपर्यंत बसा. पाणी कसं शिरतं ते बघा, फोटो नंतर. मच्छीमाराच्या होडीतून पहाटे बाहेर न्यायला कोणी तयार झाला तर पोटात काही न घालता जा. उलटी झाली तर उत्तम, नायकाच्या पहिल्या दिवसाचं पान तयार. दुसरी फेरी कारवारची. किनाऱ्यावर ‘चपळ’ ही जुनी क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. ती गुराब नव्हे, पण एवढ्याशा जागेत माणसं झोपतात, जेवतात, भांडतात कशी याचा अंदाज येतो. निघण्याआधी उघडी आहे का चौकशी करा.

शब्दांची यादी हवी असेल तर मालवणात होडी बांधणाऱ्याकडेच मागा. शीड, परबाण (शिडाची आडवी काठी), नाळ, सुकाणू एवढ्यावर पहिला खर्डा निघतो. पुढचं प्रकरण लिहाल तेव्हा वर बंदर, तिथी आणि महिना टाकून इथे चिकटवा. भरतीची वेळ आणि वाऱ्याची दिशा मी तपासून देईन. आणि ते ‘सहा महिने जमीन न पाहिलेला’ तेवढं आधी खोडा.